नदीपलीकडे गेलेला क्लब

आमच्या बेसबॉल क्लबचं मैदान घरबांधणीसाठी गेलं आणि क्लब ऱ्हाइन ओलांडून पलीकडच्या गावात आला. दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची गोष्ट. मी जर्मनीत लुडविग्सहाफेनमध्ये एका प्रयोगशाळेत नोकरी करत होतो. तालुक्याच्या शाळेत क्रिकेट खेळलेला मी बेसबॉलमध्ये जेमतेमच होतो. पण अगदी खालच्या गटातल्या संघाला माणसं कमीच पडतात, आणि मला रविवारी बोलायला कुणीतरी हवं होतं.

नव्या गावानं मैदान दिलं, गवतही कापून दिलं. मग नावाचा प्रश्न आला. क्लबच्या नावात जुन्या गावाचं नाव होतं. ते ठेवायचं की नव्याचं घालायचं, यासाठी सभासदांची सभा बोलावली.

ठेवायच्या बाजूनं होते आमचे सत्तरीचे सर्वांत जुने सभासद. लहानपणी अमेरिकन सैनिकांकडून ते हा खेळ शिकले आणि पुढे त्यांनीच क्लब काढला. मला चेंडू झेलायलाही त्यांनीच शिकवलं. मनात मी त्यांना आजोबा म्हणायचो. "मैदान गेलं, आता नावही गेलं तर माझं काय उरलं?" ते म्हणाले.

बदलायच्या बाजूनं होत्या सचिवबाई. "नव्या गावची मुलं आली नाहीत तर पाच वर्षांत क्लबच उरणार नाही." मी घर शोधत होतो तेव्हा माझे सगळे अर्ज याच बाईंनी भरून दिले होते.

मी घरातला पहिला पदवीधर. इथवर मला कुणी ना कुणी हात धरून आणलं आहे. उपकार केलेल्या माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही. "बदलावं म्हणणारे?" सचिवबाईंनी विचारलं, मी हात वर केला. "ठेवावं म्हणणारे?" आजोबा माझ्याकडेच बघत होते. मी पुन्हा हात वर केला.

खोलीत माणसं एकवीस. मतं अकरा आणि अकरा.

"आल्झो, तर मग," सचिवबाई चष्मा काढत म्हणाल्या, "आज कुणीतरी फारच उदार आहे."

मी उभा राहिलो. "मीच. मला तुम्हा दोघांनाही दुखवायचं नव्हतं."

सगळे पोट धरून हसले. "पोरा," आजोबा म्हणाले, "एका सामन्यात एकाच संघाकडून खेळतात!"

"मत एकच," सचिवबाई म्हणाल्या. "कुठलं ते सांग."

मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की माझ्या आडनावात एका गावाचं नाव आहे. ते गाव पणजोबांनी सोडलं, मी ते एकदाच पाहिलंय. तरी नंतर जिथे राहिलो, तिथे कुणी आम्हाला आडनाव बदला म्हटलं नाही. "तेव्हा नाव राहू द्या."

अकरा विरुद्ध दहा. आजोबांनी रुमाल काढून उगीचच खूप वेळ नाक पुसलं. सचिवबाईंनी निकाल लिहून घेतला आणि पेन माझ्याकडे रोखलं. "आता मुलं आणायची तू."

पुढचे तीन आठवडे मी कामावरून सुटल्यावर शाळा आणि बेकरीसमोर पत्रकं वाटली. पहिल्या सामन्याला सात मुलं आली. ती जाळीला लटकून जुन्या गावाचं नाव घेत ओरडत होती, आणि आम्ही सपाटून हरत होतो.

"ओरडायला सोपं नाव आहे, एवढं मान्य," सचिवबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःही ओरडल्या.