नऊ नंबरचे मूळ घर

युद्धाच्या काळात कारखान्यातील कामगारांच्या कुटुंबांसाठी सरकारने ही चाळीस घरे अशा घाईने उभारली, की ती पाच वर्षे टिकली तरी पुष्कळ, असे बांधणाऱ्यांचेच मत होते. ती आजवर उभी राहिली याचे निम्मे श्रेय लाकडाला आणि निम्मे नऊ नंबरच्या सुतारकाकांना. शेजाऱ्यांनी हौसेने नवी दारे-खिडक्या बसवल्या, की काढून टाकलेली जुनी काका उचलून आणीत आणि आपल्याकडच्या कुजलेल्यांच्या जागी बसवीत. “काकांकडे जायचं म्हणजे आमच्याच दारातून जायचं,” असे सतरा नंबरच्या नर्सबाई म्हणत.

आता वस्ती पाडायचे घाटत होते. एक तरी घर मूळ स्वरूपात सापडले, तर साऱ्या वस्तीला ऐतिहासिक म्हणून अभय मिळणार होते, आणि काकांच्या घराखेरीज तसे घर उरलेच नव्हते. अडचण एवढीच, की प्रत्येक दार-खिडकीवर त्या काळीच घराचा क्रमांक रंगवलेला होता; काकांकडे सतरा, चार, एकतीस असे सगळे सुखाने नांदत होते. पाहणीच्या आदल्या दिवशी काकांनी रंग कालवला आणि सरसकट नऊ करून टाकले.

पाहणीला आलेल्या सरकारी बाईंच्या कपाळाला आठी पडली.

“सगळीकडे नऊच?”

“नऊ नंबरचं घर म्हटल्यावर...” काका म्हणाले.

“काका, तेव्हा गाडीतून जे हाती येईल ते बसवत. जुन्या फोटोंत एकाही घराचे आकडे जुळत नाहीत. इथे सगळे जुळतात, म्हणजे ही दारं नंतरची.”

काकांना कळून चुकले: आपल्याच ब्रशाने आपण चाळीस घरे पाडली.

चहा घेऊन आलेल्या काकूंनी कोपर पुढे केले. त्यावर अर्धा नऊ उमटला होता. “दारं जुनीच आहेत हो. रंग तेवढा कालचा. यांना काल शहाणपण सुचलं.”

बाईंनी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. नवाखालून सतरा निघाला.

“हे दार पहिल्यापासून इथलंच?”

“नाही,” काका पुटपुटले. “नर्सबाईंचं. मीच बसवलं. पण लाकूड तेव्हाचंच आहे.”

बाईंनी वर पाहिले. तुळईवर ठळक बावीस होता.

“आणि ते?”

“त्याला मी हात लावलेला नाही. माझी शिडी तिथवर पोचत नाही.”

बाई पहिल्यांदाच हसल्या. ‘मूळ स्वरूप कायम,’ त्यांनी लिहिले, ‘मूळ गोंधळासह.’

संध्याकाळी काका नऊ पुसत बसले होते, तोच नर्सबाई आल्या.

“ऐतिहासिक दार माझं आहे. परत द्या.”

“उशीर झाला, बाई,” काका बोळा पिळत म्हणाले. “आता त्याला हात लावायला मलासुद्धा परवानगी लागते.”