भरती कसली, मावशी?

संगणकाच्या पडद्याला हात लावायचा नाही, हे आमच्या ताईंना कोणी पटवूच शकलं नाही. उपग्रहाचा फोटो उघडला, की त्या जमिनीवर ठेवावा तसा तळहात पडद्यावर ठेवायच्या. "वल हाय का बघते," म्हणायच्या, आणि उमटलेला पंजा पदरानं पुसून टाकायच्या.

ताई कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या, आणि चिकलठाण्याच्या आमच्या लहानशा कचेरीत सगळ्यांत जुन्या. मी शेंद्र्याहून नवी नवी येत होते तेव्हा डबा विसरला तर अर्धी भाकरी न विचारता माझ्यापुढे सरकायची. एरवी मात्र त्यांचं एकच पालुपद. "इचारून घे की. इचारायला काय पैसे पडतेत का?" तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. नसेल, तर खरंच वाईट वाटतं मला.

आम्ही शेततळी आणि कपाशीचे फोटो तपासणारी माणसं. अचानक कोकणातल्या एका खाडीचं काम आलं. कांदळवन, म्हणजे खाडीतलं खारफुटीचं रान, हवेतला कार्बन चिखलात धरून ठेवतं. त्याबद्दल मिळणारे कार्बन क्रेडिट परदेशातली एक कंपनी विकत घेणार होती, आणि त्या पैशावर गावातल्या बायका खाडीत रोपं लावून राखत होत्या. रोपं जगली का, ते आम्ही फोटो बघून कळवायचं. मेली असं कळवलं, की काम बंद, आणि ती जागा कोळंबीच्या तळ्यांना जाणार.

फोटो आला आणि आमचे चेहरे उतरले. रोपांच्या जागी नुसतं पाणी. आमच्याकडे शेतात असं पाणी साचलं, की पीक सडलंच म्हणून समजा. ताईंनी पडद्यावर हात ठेवला आणि स्वतःच म्हणाल्या, "गेलं समदं."

साहेबांना रिपोर्ट संध्याकाळच्या आत हवा होता. तो लिहून झाला. पाठवायच्या आधी ताईंनी फोन स्पीकरवर लावला. त्या बायकांच्या म्होरक्या मावशींशी त्यांचं एव्हाना चांगलं जमलं होतं.

"मावशी, लई वाईट वाटलं वो. रोपं सडली ना समदी?"

"सडली? अगो बाय, सकाळीच त्यांच्यातून फिरून आले मी!"

"मग फोटोत नुसतं पाणी कसं?"

"भरतीच्या येळचा असंल."

"भरती? कसली भरती वो मावशी, पोलिसांची?"

पलीकडे हशाच हशा. हसू नका. आमच्याकडे भरती म्हटलं की पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरंच डोळ्यांसमोर येतात. समुद्राची भरती शाळेत भूगोलात होती, परीक्षा झाली आणि गेली. ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांची नजर लिहून ठेवलेल्या रिपोर्टवर गेली.

"कागदावर मारलीच व्हती की आपण," त्या म्हणाल्या, आणि उठून साहेबांकडे गेल्या. "साहेब, माझं चुकलं. ओहोटीचा फोटो मागवा. चार दिवस उशीर झाला तर आभाळ कोसळत नाय."

ओहोटीच्या फोटोत बारीक हिरवे ठिपके होते. रांगेनं, लावले तसे. काम चालू राहिलं.

कोणाचंही काही गेलं असं लिहिण्याआधी मी आजही त्याच माणसाला फोन करते. ही सवय ताईंची. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहून गेले. गेल्या हिवाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

तेराव्याला आम्ही त्यांच्या गावी गेलो. दुपारी जीपमधून चार अनोळखी बायका उतरल्या. रात्रभर एसटीनं आलेल्या. ताईंच्या सासूबाईंनी विचारलं, "कोण वो तुमी? वळखलं नाय."

"आमी खाडीवरच्या," त्यांतली म्हातारी म्हणाली. आवाजावरून मी मावशींना ओळखलं. "आमची झाडं मेली म्हणून यांनी लिहिलं नाय."

मग त्या हार घातलेल्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. ताईंना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

"फोनवर मोठ्या अंगाच्या वाटायच्या," मावशी हळूच म्हणाल्या. "केवढ्याशा होत्या गो!"

सासूबाईंनी सतरंजीवर सरकून त्यांना जवळ बसवलं. "व्हय," त्या म्हणाल्या, "केवढीशीच व्हती. पर घर भरून ऱ्हायची."