सेकंद कोण मोजतं?

फुलंब्रीची कडूबाई शहरात रिक्षा चालवायला लागली, तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. पर्यटकांशी धड बोलता यावं म्हणून ती रोज दुपारी समर्थनगरात दमयंतीबाईंकडं इंग्रजी शिकायला जाई. बाई निवृत्त शिक्षिका, शिकवायला कडक.

एकदा त्यांनी एक वाक्य शिकवलं, ‘एव्हरी सेकंड काउंट्स’. काउंट म्हणजे मोजणं, एवढं कडूबाईला ठाऊक होतं.

“पण बाई, सेकंद कोण मोजतं?”

“कुणीच नाही. इथं काउंट म्हणजे मोल असणं. कुणाचा जीव धोक्यात असला, आग लागली, की म्हणायचं. एक क्षणही दवडू नका, असा अर्थ.”

दूध उतू चाललं तर म्हणावं का, हेही कडूबाईनं विचारून घेतलं. म्हणा, पण लोक हसतील, असं बाईंनी सांगितलं.

मार्चात तिनं एका परदेशी जोडप्याला दौलताबादला नेलं. किल्ल्यावर मधमाश्या उठल्या. नवरा बायकोला धरून खाली आला, तेव्हा तिचे ओठ सुजले होते आणि श्वासाची शिट्टी वाजत होती. त्यानं हॉटेलला फोन लावला. गाडी पाठवतो, तिथंच थांबा, असा निरोप मिळाला. तो बायकोला घेऊन ओट्यावर बसला.

असाच गळा सुजून चुलता गेलेला कडूबाईनं पाहिला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“नो वेट. एव्हरी सेकंड काउंट्स.”

त्यानं फोन खिशात टाकला. मग बायकोला उचलून रिक्षात बसला.

दवाखान्याच्या वाटेवर मिटमिट्याजवळ उसाची ट्रॉली आडवी झाली होती. मागं गाड्यांची रांग. कडूबाई उतरली, पुढं गेली, बाईचा जीव चाललाय असं सांगत एकेक दुचाकी बाजूला घ्यायला लावली. तरी वाट अपुरीच. तिनं रिक्षा कडेच्या मुरमावर घातली. रिक्षा कलली, दोघातिघांनी मागून रेटा दिला आणि ती पलीकडं निघाली.

छावणीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं शिट्टी थांबली. तेव्हा कुठं कडूबाई बाकावर टेकली.

चौथ्या दिवशी ती बाई नवऱ्याला घेऊन स्टँडवर हजर. पापण्या अजून जड होत्या, पण वेरूळ बघायचंच होतं. कडूबाईनं आधी फिरायला हरकत नाही अशी डॉक्टरची चिठ्ठी मागितली, अक्षर अक्षर लावून स्वतः वाचली, आणि मगच रिक्षा चालू केली.