निद्राकारक औषध

माझी नणंद पुठ्ठे कापायच्या मशीनवर वीस वर्षं कामाला होती. तिच्या खोकल्याच्या औषधावर ‘निद्राकारक’ छापलेलं आम्ही अक्षरं लावून वाचलं. दोघींची शाळा मिळून चौथीपर्यंत!

ती म्हणाली, "वहिनी, शब्द एवढा भारी, म्हणजे औषध जालीम असणार."

दोन चमचे पिऊन ती कामावर गेली, मशीनवर डुलकी लागली आणि दोन बोटं तुटली.

भरपाई मागितली, तर कारखान्याचे साहेब म्हणाले, "बाटलीवर स्पष्ट लिहिलंय, झोप येते म्हणून."

मी म्हटलं, "मग तसंच छापायला शाई जास्त लागते का?"

साहेबांनी आम्हाला बाहेर काढलं.

वाटेत नणंद माझ्यावरच चिडली, "वहिनी, साहेबांना उलट कशाला बोललात?"

बोटं हिची गेली आणि काळजी साहेबांची!