निरगुडीचा फवारा

गुडघे दुखले की निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायचा, हे आमच्या लोह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सासऱ्यांना मोबाइलवर नवी पद्धत सापडली. त्यांनी तो पाला माझ्या लोणच्याच्या बरणीत स्पिरिटमध्ये भिजत घातला, पंधरवड्यानं गाळला आणि इस्त्रीच्या फवाऱ्यात भरला. बरणी गेली ती गेलीच.

शेजारचे काका रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायचे. गुडघ्यामुळं उठवत नाही म्हणून दोन चहा होईपर्यंत हलायचे नाहीत. सासऱ्यांनी त्यांचं धोतर वर सारलं आणि चष्मा न लावताच फवारा मारला. काका सकाळीच स्कूटीवरून पडले होते, गुडघा चांगलाच खरचटला होता. "मेलो!" म्हणत ते ताडकन उठले आणि कठडा न धरता पायऱ्या उतरून पळाले.

"पाहिलंस? लागू पडलं!" सासरे म्हणाले.

मलाही पटलं. चहाची कटकट मिटली होती.

दुसऱ्या संध्याकाळी काका पुन्हा हजर. "लई जालीम औषध हाय. हिचेबी गुडघे दुखून राहिलेत." मागून काकू पायऱ्या चढत होत्या.

मी आधणात आणखी पाणी ओतलं.