मुहूर्ताआधी ओढलेलं कापड

खंडेनवमी, दुपारचे अडीच. काम: उद्या येणाऱ्या गाडीसाठी झेंडूची माळ ओवणं.

जुन्या जालन्यात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. कात्र्या आणि मीटरपट्टी पुजून झाली होती, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून गल्ल्याशेजारी सुईदोरा घेऊन बसले होते. माळ किती लांब हवी हे विचारलं तर नवऱ्यानं दोन्ही हात पसरून ‘एवढी’ असं दाखवलं. हाताच्या मापानं मी अस्तरसुद्धा कापत नाही. पर्समध्ये टेप टाकली आणि त्याच्याबरोबर शोरूमला निघाले. त्याला तिथं सह्या करायच्याच होत्या.

नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्याची ही आयुष्यातली पहिली नवी गाडी. गाव केदारखेडा, आणि गावात त्यानं महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं की दसऱ्याला अकरा वाजता गाडी घेऊन पारावर येतो. दिरानं नारळ आणून ठेवला होता. अकराला गाडी दिसली नाही तर मास्तरांना वर्षभर गावात मान खाली घालून फिरावं लागणार होतं. मला यात विशेष काही वाटत नव्हतं. त्याला मात्र रात्रीची झोप लागत नव्हती.

शोरूममध्ये दसऱ्याच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर लाल सॅटिनचं कापड. हलकं सॅटिन, असलं मी दुकानात ठेवत नाही. भिंतीला टेकवलेली पुठ्ठ्याची हातभर किल्ली, फोटोसाठी. पद्धत अशी की आदल्या दिवशी सह्या करायच्या, दसऱ्याला भटजी, नारळ, फोटो, आणि मग टाळ्यांच्या गजरात कापड ओढायचं. म्हणजे गाडी आधी तुमची होते आणि नंतर तुम्हाला दिसते. हल्ली स्थळसुद्धा कुणी असं न बघता पसंत करत नाही. पण मुहूर्ताआधी नवी वस्तू उघडायची नाही, हे आपल्या लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की फसवणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. कापड आपणच धरून बसतो.

नवरा टेबलाशी बसून सह्या करू लागला. पोरांच्या वह्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका तो चष्मा पुसून पुसून काढतो. इथं एक ओळ न वाचता पानं उलटत होता. मी टेप काढली आणि बॉनेट मोजायला कापडाखाली हात घातला.

टाय लावलेला सेल्समन धावत आला. “मॅडम, मुहूर्ताआधी कापड काढत नसतात.”

मी म्हटलं, काढत नाही, मोजतेय. पण सॅटिन ते सॅटिनच. एका बाजूनं उचललं आणि सगळं घसरून खाली आलं.

गाडी पांढरी. पांढऱ्याला पांढरा जुळवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. हाफव्हाइट, मोतिया, दुधी, क्रीम. ट्यूबलाइटखाली सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ. म्हणून गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी मी कापड दुकानाच्या पायरीवर नेते आणि उन्हात दाखवते. इथंही डोळ्याला काहीतरी खटकलं. मी म्हटलं, गाडी बाहेर काढा, मला उन्हात बघायचीय. सेल्समन हसला. मग हसायचं थांबला, कारण मी तिथून हलत नव्हते.

गाडी बाहेर आली. दरवाजा मोतिया होता आणि पुढच्या उजव्या चाकावरचा पत्रा दुधी. बॉनेट उघडायला लावलं. त्या बाजूच्या बोल्टांवरचा रंग पान्यानं सोलला होता, आणि रबराच्या फटीत रंगाऱ्याच्या चिकटपट्टीचा तुकडा तसाच राहिला होता. चोरी करायची तीसुद्धा गबाळेपणानं.

मॅनेजर आला. सुपारी चघळत त्यानं सांगितलं की ट्रकमधून उतरवताना थोडं घासलं होतं, एवढं सगळीकडंच चालतं, आणि आमच्या माणसांनी ते बिलकुल नवीन करून दिलंय.

“नव्याला नवीन करावं लागत न्हाई,” मी म्हटलं. “ठोकलेली गाडी नवी म्हणून देऊन राह्यले तुम्ही.”

मग सीटकव्हर फुकट, पायपुसण्या फुकट, डॅशबोर्डवर ठेवायचा गणपती फुकट. कापडाखाली हात घातला तेव्हा मी मॅडम होते, बॉनेट उघडल्यावर ताई झाले, आता मावशी. त्यानं शेवटचा पत्ता टाकला: सरांनी ताबापावतीवर सही केलीय, ‘गाडी तपासून सुस्थितीत मिळाली’. आता गाडी तुमची.

मी नवऱ्याकडं पाहिलं. सगळ्यात खालच्या कागदावर त्याची सुवाच्य, वळणदार सही होती.

“अगं, घेऊन टाकू,” तो हळूच म्हणाला. “पारावर कोण उन्हात रंग बघणारंय?”

“अहो, मी बघणार. रोज.”

मॅनेजर कागद उचलायला वाकला, तसा मी त्यावर तळहात ठेवला. ठेवला तो काढला नाही.

आता अशा सहीनं गाडी आपली होत नाही हे मला कुठून कळतं, तर माझ्याच चुकीतून. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी माझ्या दुकानात वीस वर्षं होती आणि मला तिचा फार आधार वाटायचा. एकदा भोकं पडलेला पीस मी असाच पाटीकडं बोट दाखवून परत घेतला नाही. गिऱ्हाईक वकीलबाई निघाली. खराब माल गळ्यात मारून वर पाटी लावता येत नाही, जिल्हा ग्राहक आयोगात उभं करीन, असं तिनं मला चार बायकांदेखत सुनावलं. मी पीस बदलून दिला, पाटी उतरवली आणि तो कायदा वाचून काढला. लाज वाटली होती. ती आज कामाला आली.

एका हातानं कागद दाबून दुसऱ्या हातानं मी नवऱ्याच्या सहीखाली लिहिलं: ‘वरील सही गाडी न दाखवता घेतली आहे. गाडीचा पत्रा दुरुस्त करून रंगवलेला आढळला. ताबा नाकारला आहे. दुसरी नवी गाडी द्यावी, नाहीतर भरलेली सगळी रक्कम परत करावी.’ चासी नंबर घातला, सही केली आणि म्हटलं, पोच द्या. शिक्का मारा.

मॅनेजर म्हणाला, शिक्का साहेबांच्या कपाटात, कपाटाला कुलूप, साहेब उद्या येणार. मी म्हटलं, बसते मी.

तेवढ्यात अंकुशनगरहून आलेले एक गृहस्थ, साखर कारखान्यातले, बायकोसह सह्यांसाठी रांगेत होते, ते उठले. इतका वेळ ते आमच्या गाडीभोवती फिरून बघत होते. सेल्समनला म्हणाले, “आमचीबी उन्हात घ्या.”

मुहूर्ताचं काय, असं त्यानं विचारलं. त्यावर त्यांच्या बायकोनंच कापड ओढलं. “मुहूर्त उद्याचा हाय. बघायला आज कोण अडवतंय?” मग तिसऱ्या गाडीवरचं कापड उतरलं, चौथ्या गाडीवरचं. त्या गाड्यांत काही निघालं नाही, पण मॅनेजरचा रंग त्या पत्र्यासारखा वेगळा दिसायला लागला. शिक्का त्याच्याच खिशात होता. त्यानं कागदावर पोच दिली, दुसरी गाडी मागवतो म्हणून सही केली, आणि मला जायची विनंती केली. सगळ्या पानांचे फोटो काढून आणि पोचेची प्रत घेऊनच मी उठले.

घरी आल्यावर नवऱ्यानं चष्मा पुसला आणि त्या पानांचे फोटो वाचून काढले. जेवताना म्हणाला, “मी तपासायला पाहिजे होतं.” मी म्हटलं, हो. सांत्वन करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दसऱ्याला सकाळी सहा वाजता मी दिराला फोन केला. नवऱ्याला करू दिला नाही. गाडी कंपनीतूनच आली नाही असं काहीतरी त्यानं सांगितलं असतं.

“भाऊजी, गाडी आल्ती. ठोकलेली निघाली, आम्ही नाकारली. स्कूटरवर येऊन राह्यलो. नारळ तयार ठेवा.”

“वहिनी, लोकं पारावर जमणारेत. त्यांना काय सांगू?”

“मी येते मंग सांगते. कागद संगं आणते.”

नंतर माळ काढली. गाडीसाठी ओवलेली, स्कूटरला फार लांब. कात्री घेऊन मधोमध कापली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या. अर्धी दुकानाच्या शटरला बांधून आले, अर्धी स्कूटरच्या हँडलला. पोचेचा कागद प्लास्टिकमध्ये घालून डिकीत ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, चला, अकराला पोचायचंय.