पट्टी निळी झाली, मॅडम!

दवाखाना फोनवर चालायला लागला की किस्से कसे साठतात, ते आम्हाला विचारा! चहाला बसून एक सुरू केला की तिसऱ्यापर्यंत चहा गार होतो.

गावागावांत मोबाईल पोचले तेव्हाची गोष्ट. अंगावरून पांढरं जाणं, खाज, वास, ही दुखणी बायका वर्षानुवर्षं लपवायच्या. गुलबर्ग्याच्या आमच्या लेडी डॉक्टर मॅडमनी मग भन्नाट आयडिया काढली. निंबर्ग्याच्या शिवणक्लासवाल्या शांताक्काकडे तपासणीच्या कागदी पट्ट्या ठेवल्या. बाईनं घरीच आपली आपण तपासणी करायची, पट्टीचा रंग आणि त्रास फोनवर सांगायचा. पिवळी राहिली तर ठीक किंवा साधी बुरशी, हिरवी-निळी झाली तर जंतूंचा संशय. मॅडम नीट विचारपूस करून औषध सांगणार. फोन उचलायला मी, सिस्टर!

*

पहिलाच फोन. "पट्टी निळी झाली, मॅडम! गडद निळी!"

आम्ही दोघी खुर्चीतून उठलोच. एवढी गडद कशी? मॅडमनी विचारलं, "आधी साबण लावला होतास का?"

"व्हय की! डाक्टरला सांगायचं म्हणल्यावर चांगलं घासूनपुसून नगं?"

साबणानंही पट्टी निळी होते. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न साबणाचा!

*

शांताक्काकडे बायकांची रीघ लागली. एकीचा नवरा तावातावानं आला. "माझी बायकू सारखी माप द्यायला यायलीय. बिलाउज कुठं हाय?"

शांताक्कानं पट्ट्यांचा डबा पायानं मशीनखाली सरकवला. "अण्णा, कापड कवा दिलाव तुमी?"

दुसऱ्या दिवशी बिचारा कापड घेऊन हजर!

*

आमच्या एका गोळीवर दारू चालत नाही, पोटात ढवळून उलट्या होऊ शकतात. नवऱ्यालाही ती द्यावी लागली तर मी हे बजावून सांगायची. बातमी पार दुबलगुंडीपर्यंत गेली. तिथून एका बाईचा फोन आला. त्रास काहीच नाही, पट्टी पिवळी. मग फोन कशाला गं बाई?

"सिस्टर, माझं समदं ठीक हाय. पर माझ्या नवऱ्याला ती गोळी देताव का? कायमची?"

*

आणि हा सावित्राचा. निंबर्ग्याचीच. हिची पट्टी निळी, साबण नाही, त्रास खरा. गोळ्यांनी बरी व्हायची, पण हैदराबादला बांधकामावर असलेला नवरा सुट्टीला येऊन गेला की पुन्हा तेच. मॅडमनी ओळखलं, गोळ्या दोघांनी एकदम खायला हव्यात. सासू भागूबाई काही ऐकेना. "हिचंच अंग नासलंय. पाडवा झाला की कायमची माहेरी धाडतेव!"

सावित्रा फोनवर रडायची. मला सासूचा असा राग यायचा! मॅडम म्हणाल्या, मुलाशी बोलते.

"बोला की! माझं लेकरू चोख हाय. पर माझ्या म्होरं विचारा त्याला!" भागूबाई म्हणाली. सावित्राही म्हणाली, "विचारा."

झालं! मी कॉन्फरन्स कॉल जोडला. शांताक्काकडे सासू-सून, इकडे आम्ही, तिकडे हैदराबादला तो. "तुमची आईसुद्धा लाईनवर आहे," असं मॅडमनी आधी सांगितलंही, पण तिकडे सिमेंटचा मिक्सर घरघरत होता. त्याला ते ऐकू गेलं नसावं. मग घरघर कमी झाली, तो जरा लांब जाऊन उभा राहिला असावा.

"सावित्राबरोबर तुम्हालाही गोळ्या घ्याव्या लागतील," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर ती बरी होणार नाही. घ्याल ना?"

मी मनात म्हटलं, आता हा नाही म्हणाला तर पोरगी गेली माहेरी!

"घेतो की, मॅडम," तो हळूच म्हणाला. "पर जरा जादा लिहून देताव का? आमच्या खोलीतल्या समद्यांनाच ह्यो तरास हाय."

मग निंबर्ग्याकडून भागूबाईचा आवाज आला.

"सावित्रा हितंच ऱ्हाती. तू पाडव्याला येऊ नगंस!"